गव्हावर बाजरी

परवा आमच्या घरी राखाडी पोळ्या झाल्या. मी न बोलता दोन खाल्ल्या. तिसरीला बायकोच म्हणाली, "गोड मानून खाऊ नका, काय झालंय ते मला कळलंय." डब्यातलं चिमूटभर पीठ तिने तळहातावर चोळलं, खिडकीशी नेऊन उजेडात धरलं आणि निदान केलं, "बाजरीवर दळलंय."

गिरणीची पायरी कधीच न चढलेल्या भाग्यवंतांसाठी सांगतो. गव्हावर गहू दळायचा असतो. आधी बाजरी पडली असेल तर दगडांच्या फटीत आणि खालच्या कापडी बाहीत तिचं पीठ अडकून राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून गिरणीवाला डब्यांची रांग लावतानाच गव्हाजवळ गहू आणि शाळवाजवळ शाळू ठेवतो, बाजरीवाल्याला थांबवून धरतो. आमच्या सांगलीच्या गावभागातल्या गिरणीत हा नियम इतक्या वर्षांत मोडलेला माझ्या तरी आठवणीत नाही. तो मोडला माझ्यासाठी, तोही मी ॲडमिन आहे म्हणून.

मी नाट्यपदांच्या वेड्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. माणसं 412. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालो तेव्हा कुणीतरी म्हणालं, तुम्हाला वेळ आहे, तुम्ही बघा. तेव्हापासून मी बघतोय. पगार नाही, भत्ता नाही, आणि सुट्टीही नाही, कारण माणसं रात्री अडीच वाजता जागी होऊन उगवत्या सूर्याची चित्रं पाठवतात. ती मी उडवतो. पूर्वी हे पाप फक्त पाठवणाऱ्यालाच करता येत असे. 2022 पासून ॲडमिनलाही दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. सोय चांगली, पण पुसलेल्या जागी ॲडमिनने पुसला असं माझ्या नावानिशी उमटतं. खून केल्यावर प्रेताच्या छातीवर आपलं व्हिजिटिंग कार्ड ठेवून यावं, तसं.

त्याच वर्षी ग्रुप सोडून जाणाऱ्याची वार्ता सगळ्यांना दिसायची बंद झाली. ती आता फक्त ॲडमिनला दिसते. माणूस रागाच्या भरात तरातरा निघून जातो आणि कुणालाच पत्ता लागत नाही. मग चार दिवस वाट बघून तो मलाच फोन करतो, "मी सोडलाय ग्रुप. कुणी काही म्हणालं का?" कुणीच काही म्हणालेलं नसतं. हे सांगायचं कसं? मी म्हणतो, "चर्चा आहे." मग तो परत येतो.

सांगलीत नाटकाच्या लोकांचा ग्रुप सांभाळणं म्हणजे पंढरपुरात वारकऱ्यांना विठ्ठलाची माहिती सांगण्यासारखं आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये पहिला प्रयोग केला तो इथे, देवल इथल्या हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे, दीनानाथांचं बिऱ्हाड इथेच होतं. प्रत्येकाचा कुणी ना कुणी पणजोबा पडदा ओढायला तरी होताच. अशा ठिकाणी मी एकदा प्रश्नमंजूषेत अगदी सोपा म्हणून 'मराठी नाटकाचा पहिला प्रयोग कुठे झाला' असा प्रश्न टाकला. इथल्याच विश्रामबाग उपनगरातल्या एकांनी उत्तर दिलं, "तंजावर." तिथल्या भोसले राजांनी त्याच्या दीडशे वर्षं आधी मराठीत नाटकं लिहिली होती, हे खरंच आहे. पण खरं असलं म्हणून सांगलीत बोलायचं? सकाळी साडेदहापासून रात्री बारापर्यंत 236 मेसेज झाले. शेवटी मी तंजावरला अर्धा गुण दिला. आता दोन्ही बाजू माझ्याशी बोलत नाहीत.

तर यंदाची स्पर्धा. 5 नोव्हेंबर, रंगभूमी दिन. 'दोन मिनिटांत नाट्यपद'. स्वतःच्या आवाजात पद म्हणायचं आणि ग्रुपवर टाकायचं. बक्षीस 501 रुपये आणि अर्धा किलो भडंग. नियम सात. त्यातला चौथा, 'पार्श्वसंगीत चालणार नाही', हा गेल्या वर्षीच्या अनुभवातून आलेला. गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या गृहस्थांच्या पदाच्या शेवटी टाळ्यांचा कडकडाट आणि 'वन्स मोअर' ऐकू आला. त्यांच्या घरी ते आणि त्यांची आई अशी दोनच माणसं, आणि आईला ऐकू येत नाही.

चौथ्या नियमाखाली यंदा तीन पदं बाद झाली. एकात मागे टीव्हीवरची मालिका रडत होती. दुसरं एका ताईंचं होतं. आवाज गोड, पण मागे कुकरच्या तीन शिट्या, आणि तिसरी बरोबर समेवर. मला वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम, असं मी त्यांना लिहिलंसुद्धा. तिसऱ्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत घूंऽऽऽ असा आवाज होता. मला वाटलं विमान. चाळीस सेकंद ऐकलं आणि पुसून टाकलं. पाठवणाऱ्याचं नाव 'ए. पी.' असं होतं. ए. पी. म्हणजे आप्पा पिठाची गिरणी, हे मला सोमवारी सकाळी डबा घेऊन तिथे पोचल्यावर कळलं.

एरवी आप्पा "या काका" म्हणतात. सोमवारी म्हणाले, "या ॲडमिनसाहेब."

भुवयांवर पीठ बसल्यामुळे त्यांचा चेहरा एरवीही न्यायाधीशासारखा दिसतो. माझा डबा त्यांनी पायाने बाजूला सारला. हाताने नव्हे. मला तिथेच कळायला हवं होतं.

"आमचं पद उडवलासा."

"आप्पा, तो चौथा नियम..."

"काय?"

गिरणीत हीच अडचण असते. प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागतं आणि दुसऱ्यांदा ओरडावं लागतं. "माफ करा" हे ओरडून म्हणून बघा कधीतरी. दम दिल्यासारखं ऐकू येतं.

"मागं आवाज होता!" मी ओरडलो.

"त्यो आवाज न्हवं, त्यो सूर हाय!" आप्पा दगडाच्या झाकणावर हात ठेवून म्हणाले. "पांढरी पाच, पेटीची पाचवी पांढरी पट्टी. आमच्याकडं पेटी न्हाई, तंबोरा न्हाई. पंचवीस वरसं ह्याच्यावरच गातोय. ऐका."

असं म्हणून त्यांनी चाड्यात कुणाचा तरी शाळू ओतला. दाणे दगडावर पडले आणि घूंऽऽऽ जरासं खाली बसलं.

"उतरला का न्हाई? शाळवाला एवढा उतरतो. हरभऱ्याला आणि उतरतो. म्हणून मी गव्हावरच गातो. गहू पडताना सूर कसा एका जाग्याला ऱ्हातो." मग आवाज पाडून, म्हणजे माझ्या कानात ओरडून, "मिरजेच्या तंबोऱ्याला जीआय मिळालं, आणि आमाला तुमच्या ग्रुपवर दोन मिंटं मिळंनात."

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे मीच ग्रुपवर कौतुकाने टाकलं होतं. माझाच मेसेज माझ्यावर आला.

आणि इथे तात्यांनी प्रकरण हातात घेतलं.

तात्या कोर्टातून बेलिफ म्हणून निवृत्त झालेले. ते कुणाच्या तरी पालथ्या डब्यावर बसले होते. डबा कुणाचा हे विचारायची कुणाची छाती नव्हती. त्यांचं दळण बहुधा कधीच होऊन गेलं असावं. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, ते ग्रुपवर नाहीत, त्यांनी आमचा एकही मेसेज पाहिलेला नाही. म्हणून ते तटस्थ होते.

"नियमात शब्द काय आहे? पार्श्वसंगीत का पार्श्वआवाज?"

"पार्श्वसंगीत."

"बरं. मग गिरणी हे संगीत आहे असं तुमचं म्हणणं आहे?"

"छे! गिरणी संगीत कशी असेल?"

"मग नियम लागू होत नाही." तात्यांनी गुडघ्यावरचं पीठ झटकलं. "आणि संगीत आहे म्हणत असाल, तर आप्पा साथीला वाद्य घेऊन गायले. वाद्याला बंदी आहे का?"

पेटीला आम्ही परवानगी दिली होती. सहावा नियम.

"मग कसं?" तात्या म्हणाले.

मी हिशेब खात्यात तीस वर्षं काढली, ऑडिटवाल्यांना चहा पाजून वाटेला लावलं, पण असा कोंडीत कधी सापडलो नव्हतो. म्हटलं, निकाल माझा एकट्याचा नाही, समिती आहे. हे खोटं होतं. समितीत तिघे होतो. एक पुण्याला मुलाकडे गेले ते तिकडेच राहिले, आणि दुसऱ्यांनी स्वतःच भाग घेतला.

"काढून टाकण्याआधी नोटीस बजावली होती?"

"व्हॉट्सॲपवर नोटीस कशी..."

"पूर्ण ऐकलं होतं?"

"चाळीस सेकंद."

"एकतर्फी," तात्या आप्पांकडे बघून म्हणाले. आप्पांनी मान हलवली. खटला जिंकल्यावर पक्षकार हलवतो तशी.

रांगेतल्या एक बाई इतका वेळ माझ्याकडे निरखून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमीच काय ओ त्ये? आमच्या सासूबाईंची फुलं रोज काढून टाकतासा त्ये?" मी गप्प. "म्हाताऱ्या माणसाला दुसरं काय असतंय? एक फूल पाठवायचं. त्येबी तुमच्या डोळ्यांत खुपतंय." तात्यांनी हाताने त्यांना थांबवलं. तो स्वतंत्र दावा होता.

या सगळ्या गदारोळात आप्पांनी एक डबा उचलून चाड्यात ओतला. दाणे बारीक होते, राखाडी-हिरवट. मी ते बघितलं. डोळ्यांसमोर बाजरी पडत होती आणि मी 'पार्श्व' या शब्दाचा अर्थ समजावत होतो. बाजरी संपली आणि आप्पांनी माझा डबा उचलला. घूंऽऽऽ थोडं खाली गेलं आणि एका जागी स्थिर झालं. त्यावर आप्पांनी डोळे मिटून एक आलाप घेतला, माझ्याकडे न बघता. चांगला घेतला, सांगायला हरकत नाही. त्या आवाजातही आलाप दारापर्यंत पोचला. माइक नव्हते त्या काळात मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवणारे नट असाच लावत असतील. मी दहा किलोचे पैसे दिले. वजन नीट होतं. त्यात बाजरी किती होती, ते बायकोला माहीत.

हसण्यावारी नेतोय, पण रागही आहे. गव्हाचा नाही इतका. या ग्रुपसाठी दिवसाचे दोन तास जातात. फोन तापतो, जागा संपली म्हणून कुरकुरतो, नातवाचे फोटो काढून टाकून मी लोकांची पदं ठेवतो. तीन वर्षांत एकानेही 'थोडा वेळ मी बघतो' म्हटलेलं नाही. 'ॲडमिन झोपले आहेत का?' असं मात्र आठवड्याला एकजण विचारतोच. गेल्या वर्षी मतदान ठेवलं, म्हटलं लोकांनीच ठरवावं. पण त्यात कुणी कुणाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. ते मला ठाऊक नव्हतं. एका सासऱ्याने जावयाला सोडून शेजाऱ्याला मत दिलेलं उघडं पडलं. दिवाळसणाला जावई आला नाही, आणि सासऱ्यांनी त्याचा जाब मला विचारला.

एकदाच हा ग्रुप शहाण्यासारखा वागला. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेली होती. गावभागात पाणी, हरभट रोडवर पाणी, लाईट नाही. तेव्हाचे ॲडमिन दुसरे होते, मी नुसता सदस्य. आठ दिवस ग्रुपवर एक पद नाही, एक फूल नाही. बोट कुठे आली, कुणाची आई दुसऱ्या मजल्यावर अडकलीय, दूध कुठे मिळतंय, एवढंच. कुणी नियम मोडला नाही, कारण नियम कुणाच्या लक्षातच नव्हते. फक्त नवव्या दिवशी, पाणी उतरायला लागल्यावर, एकांनी गच्चीवरून विचारलं होतं, "या रविवारचं कोडं राहिलं का?" ते विश्रामबागचे नव्हते, एवढं सांगतो.

पोळ्यांच्या रात्री मला झोप लागली नाही. उठून फोनवर पेटीचं ॲप उघडलं. आप्पांचं पद मी ग्रुपवरून पुसलं होतं, पण फोनच्या गॅलरीत कुठेतरी उरलं असेल म्हणून शोधलं. नव्हतं. मग नाइलाजाने फ्रिजला कान लावून बसलो. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, मोटर मोठी असो वा छोटी, गुणगुणते त्याच हिशेबाने, असं मुलगा इंजिनिअरिंगला असताना म्हणाला होता. पेटीची एकेक पट्टी दाबत गेलो. पांढरी पाच. किंचित चढी, पण पांढरी पाचच. बायको पाणी प्यायला उठली होती. तिने मला फ्रिजला मिठी मारलेलं बघितलं आणि काही न विचारता परत जाऊन झोपली.

सकाळी मी ग्रुपवर लिहिलं, 'नियम 4 मध्ये दुरुस्ती : पार्श्वसंगीत चालणार नाही (पिठाची गिरणी वगळून). श्री. ए. पी. यांनी आपलं पद कृपया पुन्हा पाठवावं.' पाठवलं तेव्हा नऊ वाजले होते. नऊ वाजून चार मिनिटांनी ताईंचा मेसेज आला.

"मग माझ्या कुकरने काय घोडं मारलं होतं?"