‘जेवलास का बे?’ – एका सोलापूरकरांना उत्तर

नमस्कार. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, नुसतं ‘एक सोलापूरकर, सध्या पुणे’. काका म्हणावं की दादा कळेना, म्हणून मी आपलं ‘सोलापूरकर’च म्हणते. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागानं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून सांगते. माझ्या कादंबरीचे अकरा भाग इथं आले आहेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या बंद टॉवेल कारखान्याचा रात्रीचा वॉचमन, आणि भिंतीमागच्या गल्लीत एकटी राहणारी बाई, जिनं एक गोदाम जळताना नको ते बघितलंय. सोलापूरकर लिहितात: “दोघं एकदा समोरासमोर बसून बोलले असते तर तिसऱ्या भागातच सगळं मिटलं असतं. अकरा भागांत प्रेमाचं एक वाक्य नाही. प्रेमकथा लिहा नाहीतर रहस्यकथा लिहा, हे धड ना इकडचं ना तिकडचं.” शिवाय चौथ्या भागातला पाठलाग त्यांना खटकला, भाषा शिवराळ वाटली, सोलापूर घाणेरडं दाखवल्यासारखं वाटलं. आणि पाचव्या भागातली गाडी चुकली आहे.

गाडीचं आधी उरकते. चूक माझीच. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री सुटते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि मी तिला त्या गाडीत पहाटे बसवलं. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस, ती पुण्यापर्यंतच. माझ्या बाईला जायचंय मुंबईला. मला प्लॅटफॉर्मवर उजाडताना दाखवायचं होतं, त्या हौसेत घोटाळा झाला. पण दुरुस्तीला बसले आणि लक्षात आलं, ती रात्री निघाली तर तो ड्यूटीवर असणार. म्हणजे पिशवी घेऊन गल्लीतून जाताना त्यानं तिला बघितलंय, आणि तरीही सकाळी विचारायला आलेल्या माणसाला तो “नाय बघितलं” म्हणालाय. तुमच्या एका ओळीनं मला अख्खं प्रकरण दिलं. त्याबद्दल मनापासून आभार.

आता बोलण्याचं. माझे वडील यंत्रमागावर होते. बारा तासांची पाळी. शेडमध्ये खडखडाट असा की शेजारचा कानात ओरडला तरी ऐकू यायचं नाही. तिथं सगळं हातानंच चालायचं. सुताची कांडी संपली, चहा आला, मालक आला, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. ती सवय घरीही सुटली नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा वडील अंगठा ओठाला लावून पाणी मागायचे. आई समोर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. आमच्या घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी असं मी सगळ्यांना सांगते, पण खरं सांगायचं तर घरात बोलणारी मी एकटीच. सणासुदीच्या गडबडीत आईच्या हजार विड्या पुऱ्या होणार नाहीत असं दिसलं की वडील खुणेनंही काही न विचारता तिच्या शेजारी बसायचे आणि दोरा गुंडाळायला लागायचे. बोटं जाड, मागावरची. त्यांनी बांधलेल्या निम्म्या विड्या छाटात, म्हणजे नापासात, जायच्या. आईनं त्यांना कधी उठवलं नाही.

तोंड मिटून जगणारी माणसं तुम्हाला पुस्तकी वाटतात, त्यात तुमचा दोष नाही. मला मात्र पानभर मन मोकळं करणारी पात्रं खोटी वाटतात.

आणि माझे दोघं लाजून गप्प नाहीत. बघितलेलं तिनं सांगितलं आणि हा मालकाचा माणूस निघाला, तर ती संपली. ‘तुझ्यावर नजर ठेवायला मला सांगितलंय’ असं त्यानं कबूल केलं, तर ती त्याच रात्री खोली सोडणार. “एकदा बोलून टाकायचं” हे पाठीशी चार माणसं असलेल्याला सोपं जातं.

तुम्ही म्हणता, प्रेम एकीकडं ठेवा आणि रहस्य एकीकडं. मला ते जमत नाही, कारण माझ्याकडं प्रश्नच एक आहे. रात्री अकरा वाजता कामावरून परतताना मागं पावलं वाजतात. हा माणूस आपल्यावर जीव लावून मागं येतोय, की कुणी पैसे दिलेत म्हणून? एकट्या बाईला दोन्ही पावलं सारखीच ऐकू येतात. उत्तर कळलं की रहस्यही संपलं आणि प्रेमाचाही निकाल लागला. तोवर वेगळं काय करू?

सहाव्या भागातला पाण्याचा प्रसंग तुम्हाला ‘भरताड’ वाटला. तो मी नऊ वेळा लिहिलाय, म्हणून जरा थांबते. आपल्याकडं चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तेही कधी दीड वाजता, कधी तीनला. गल्ली जागी, मोटारींची घरघर, बॅरल, घागरी. तिची मोटार जळते. तो भिंतीवरून कारखान्याचा पाइप सोडतो आणि काही न बोलता पाठ करून उभा राहतो. ती पहिली बादली ओतून देते. दुसरीला वास घेऊन बघते. तिसरीपासून बॅरल भरते. दुसऱ्या दिवशी पाइप भिंतीवर परत येतो. धुतलेला, नीट वेटोळं घातलेला आणि विडीच्या दोऱ्यानं बांधलेला. तो दोरा त्यानं खिशात ठेवला. मी तिथं एवढंच लिहिलं आणि पुढं गेले. बहुतेक फार भरभर गेले.

पाठलागाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. चौथ्या भागात तो अशोक चौकापर्यंत तिच्या मागं जातो आणि सातव्या भागात तिला त्याचं कौतुक वाटतं. “याला आमच्यात छळ म्हणतात,” असं तुम्ही लिहिलंत. आमच्यातही तेच म्हणतात. एवढी सावध बाई, जी पाण्याचा वास घेते, ती हे तीन वाक्यांत माफ कशी करेल? मलाच त्या दोघांना जवळ आणायची घाई झाली होती. ती वाक्यं मी काढली आहेत. आता सातव्या भागात ती दार उघडत नाही.

सोलापूर घाणेरडं दाखवल्याचा आरोप मात्र घेणार नाही. सिद्धेश्वराचं तळं, गड्ड्याची जत्रा, चार हुतात्मे, सगळ्याचा मलाही अभिमान आहे. पण रात्रपाळीच्या माणसाला तळ्यावर फिरायला कुठून आणू? आणि “अशी एकटी बाई सोलापुरात असते कुठं?” हे तुम्ही खरंच पुण्यात बसून विचारलंत. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी १०,००० घरांची वसाहत २००६ मध्ये झाली. तिथं एकदा चक्कर मारा आणि संसार कुणाच्या हातावर चालतात ते विचारा. साखर कारखान्याची चिमणी पाडली तो १५ जून २०२३ चा दिवस तर मी मुद्दाम घेतलाय. सगळं गाव गच्चीवर चढून एकाच दिशेला बघत होतं, म्हणूनच माझा गोदामवाला मागच्या दारानं निसटू शकला.

आता शिव्या. अड्ड्यावरच्या शिव्या आहेत, त्या राहतील. पण तुम्ही यादीत नवव्या भागातलं “जेवलास का बे?” सुद्धा घातलंत! पुण्यात राहून कान बदलला की काय तुमचा? आठ भाग ती त्याला अहो म्हणत नाही, अरे म्हणत नाही. तिची वाक्यं बघा: “पाइप ठेवलाय.” “दार लावून घ्यायचं.” “उद्या पाणी आहे म्हणे.” समोरचा माणूस कुठंच येऊ नये अशी जपून केलेली वाक्यं. आणि मग एका रात्री, गेटच्या सळ्यांमधून, “जेवलास का बे?” तोही दचकतो. तुम्हाला अकरा भागांत न सापडलेलं वाक्य तेच होतं हो.

बारावा भाग पुढच्या आठवड्यात टाकते, गाडी सुधारून. आणि शेंगाचटणीचा उल्लेखसुद्धा नाही अशी तक्रार शेवटी केलीत. चटणी आहे. तिसऱ्या भागात, त्याच्या डब्यात, कडक भाकरीच्या खाली. पुन्हा बघा.