राशोलला १६१६ साली छापलेलं पुराण कुठल्या भाषेत होतं?

काल डिचोलीच्या मावशीने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, खाली विचारलंय, 'खरं काय रे हे?' मेसेजमध्ये काय, तर गोव्यात चर्चने फक्त लॅटिन आणि पोर्तुगीजमध्येच धर्म सांगितला, मराठीला कधी हात लावला नाही, सगळं जबरदस्तीने केलं, छापखाना इंग्रजांनी आणला, आणि म्हणून इथल्या ख्रिस्ती लोकांचा मराठीशी संबंधच नाही.

छापखाना आधी उरकतो. भारतातला पहिला छापखाना १५५६ ला जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला, इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा जन्मालासुद्धा आली नव्हती.

पण मराठीला हात लावला नाही? अगे मावशी, 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा' तू वर्षानुवर्षं शाळेत मुलांकडून पाठ करून घेतलंस ना, ते कोणाचं? फादर थॉमस स्टीफन्सचं! हे मूळचे इंग्रज, १५७९ ला गोव्यात आले, दक्षिण गोव्यातल्या साष्टीत राहिले, भाषा शिकले आणि क्रिस्तपुराण लिहिलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, आदामापासून येशूपर्यंत सगळी कथा आपल्या पुराणांच्या थाटात, स्वर्गाला शब्दसुद्धा वैकुंठ. साष्टीतल्याच राशोल गावी १६१६ ला छापलं ते रोमन लिपीत, पण भाषा मराठीच. लोक ते चर्चमध्ये बसून ऐकायचे. ज्यांच्या पूर्वजांनी हे ऐकलं त्यांना आज कोणीतरी फोनवरून सांगतो की मराठी तुमची नव्हे, याचाच मला जास्त राग आलाय.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये व्हायची हे बरोबर, अगदी १९६० च्या दशकापर्यंत. पण शिकवण लोकांच्या भाषेतच द्यावी लागायची, स्टीफन्सचंच कोंकणी दोतोर्न, म्हणजे धर्मशिकवणीचं पुस्तक, १६२२ ला छापलंय.

जबरदस्तीचं म्हणाल तर ते नाकारता येत नाही. पोर्तुगीजांनी देवळं पाडली, १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं, १६८४ ला तर व्हाइसरॉयने हुकूम काढला की तीन वर्षांत आपली भाषा सोडा, पोर्तुगीज बोला. आणि याची कबुली क्रिस्तपुराणातच आहे, सुरवातीलाच नवे ख्रिस्ती लोक फादरना विचारतात की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं का देत नाही? त्या प्रश्नाला उत्तर म्हणून अकरा हजार ओव्या आल्या, मराठीत. मेसेज लिहिणाऱ्याला यातलं अर्धंच सांगायचं होतं.

मावशी, तू तो मेसेज पुढे पाठवला असशील तर त्याच लोकांना आता ही ओवी पाठव, तुला तर तोंडपाठ आहे.