आरमारप्रमुखाची हमाली

अंतराळातली लढाई म्हटलं की लोकांना झगमगणारे किरण आणि फुटणारी जहाजं आठवतात. ‘होमवर्ल्ड’ खेळणाऱ्याला आठवतं इंधन. रेलिकने १९९९ साली काढलेल्या या गेमची कथा भव्य आहे: बेचिराख झालेला खराक ग्रह, गोठवून झोपवलेली सहा लाख माणसं आणि हिगारा नावाचं गमावलेलं मूळ घर. हुद्दा आरमारप्रमुखाचा. प्रत्यक्षात सोळा मोहिमा मी पाण्याचा टँकर वेळेवर पोचतो का, एवढंच बघणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा वावरतो.

पहिली पंचाईत वर-खालीची. जमिनीवरच्या गेममध्ये क्लिक केलं की सैन्य निघालं. इथे आधी जहाजं निवडायची, मग एम दाबायचं. पडद्यावर एक आडवी तबकडी उमटते, तिच्यावर दिशा नि अंतर ठरतं. उंची हवी असेल तर शिफ्ट धरून माऊस वर-खाली करायचा आणि मगच क्लिक. शिफ्ट राहिलं तर जहाजं लघुग्रहाच्या पार खाली जाऊन उभी राहतात. कॅमेरा वरून बघत असेल तर ती त्याला चिकटलेलीच दिसतात, आणि आपण ‘अरे, मारत का नाहीत’ म्हणून स्वतःच्याच खलाशांवर डाफरत बसतो. उपाय साधा: क्लिक करण्याआधी उजवं बटण धरून कॅमेरा आडवा फिरवायचा आणि बाजूने बघायचं. अधूनमधून स्पेसबार दाबून सेन्सर्स मॅनेजरमध्ये सगळा नकाशा पाहायचा. तिथे गेलं की लढाईची गंमत दिसत नाही, पण मदरशिपच्या, म्हणजे आपल्या मुख्य जहाजाच्या, मागून कोण येतंय ते कळतं.

मग इंधन. फायटर आणि कॉर्व्हेट या छोट्या लढाऊ जहाजांची टाकी मर्यादित, आणि ती ऐन रंगात आलेल्या लढाईतच संपते. टाकी रिकामी झाली की हे वीर गोगलगाईच्या गतीने सरकतात आणि शत्रू त्यांना निवांत टिपतो. म्हणून सोबत इंधन भरून देणारं मध्यम आकाराचं जहाज, सपोर्ट फ्रिगेट, न्यायची. पण तिच्याकडे सगळ्यांना एकदम पाठवलं की रांग लागते आणि आघाडी ओस पडते. निम्मे लढायला, निम्मे भरायला, हा हिशेब डोक्यात चालूच ठेवावा लागतो.

आयन कॅनन फ्रिगेटबद्दल नवख्यांना फार प्रेम. किरण देखणा आहे, कबूल. पण तोफ नाकासमोर घट्ट बसवलेली, त्यामुळे नेम धरायला अख्खं जहाज वळवावं लागतं, आणि ते वळेपर्यंत फायटर दुसऱ्या बाजूला पोचलेलं असतं. हिला भिंतीच्या रचनेत उभी करून मोठ्या जहाजांवरच सोडावी. फायटरांच्या झुंडीला मल्टिगन कॉर्व्हेट पुरतात. ग्रॅव्हवेल जनरेटर त्या झुंडीला जागीच खिळवतो खरा, पण आपल्या-परक्याचा भेद त्याला नाही. आपली फायटरंही तिथेच लटकतात.

खरी मजा भंगारात. सॅल्व्हेज कॉर्व्हेट हे बिनतोफेचं खेकडं शत्रूच्या जहाजाला चिकटतं आणि ओढत मदरशिपकडे किंवा कॅरियरकडे आणतं. फ्रिगेटला दोन लागतात, मोठ्या धुडाला जास्त. वाटेत एक जरी मेलं तरी ओढणं थांबतं, म्हणून जोडीला राखीव ठेवायची. आपल्या तोफा आवरायच्या, नाहीतर उत्साहाच्या भरात आपलीच मंडळी आयतं मिळणारं जहाज फोडून टाकतात. चौदाव्या मोहिमेत, ‘ब्रिज ऑफ साइज’मध्ये, आयन फ्रिगेटांचा एक भलामोठा गोल पहारा देत असतो. त्यात मोठी जहाजं घुसवणं म्हणजे आत्महत्या. पण त्याच फ्रिगेटांना इवल्याशा कॉर्व्हेटवर नेम साधत नाही, कारण तेच नाकासमोरचं दुखणं. तेव्हा गोलाच्या कडेपासून सुरुवात करून एकेक फ्रिगेट हळूच ओढून आणायची. पळवलेल्या जहाजांना बांधणीची मर्यादा लागू नाही. गोल जसा विरळ होत जातो तसं आपलं आरमार दाट होतं, आणि जो आरमारप्रमुख होता तो उघडउघड चोरांचा म्होरक्या ठरतो.

लढाई संपली तरी सुट्टी नाही. रिसोर्स कलेक्टर एकेक लघुग्रह चाटूनपुसून आणतात आणि हायपरस्पेसचं बटण समोर चमकत असताना आपण बसून राहतो, कारण इथे सोडलेले आरयू (रिसोर्स युनिट, म्हणजे या गेममधला पैसा) पुढच्या मोहिमेत कुणी आणून देत नाही. मोठं आरमार पुढे जसंच्या तसं येतं, पैसाही येतो, म्हणून ही चिकाटी. याच मालिकेत २००० साली आलेल्या ‘कॅटॅक्लिझम’ने वेळ पळवायची सोय दिली आणि इंधनही काढून टाकलं. २००३ च्या ‘होमवर्ल्ड २’मध्ये मोहिमेच्या शेवटी उरलेलं धन आपोआप गोळा होऊ लागलं. पण तिथे नवीन खोडी: आपलं आरमार जितकं मोठं, तितका पुढचा शत्रू दांडगा. तेव्हा मुरलेले खेळाडू मोहीम संपण्याच्या बेतात स्वतःचीच जहाजं मोडीत काढतात, आरयू गाठीला बांधतात, आणि पुढे शत्रू किरकोळ निघाला की तीच जहाजं पुन्हा बांधायला घेतात.