पेटीचे आठ कोपरे

सुचणं मोठं की सुचलेलं राबवणं, हा वाद पेटला तो धाकट्याच्या ऑफिसातल्या बक्षिसावरून. ऐरोलीत तो ज्या कंपनीत आहे तिथे दरवर्षी ‘आयडिया स्पर्धा’ होते. यंदा पहिली आलेली कल्पना आणि गेल्या वर्षी दुसरी आलेली कल्पना जवळपास एकच होती. “मग गेल्या वर्षीच्या कल्पनेचं पुढे काय झालं?” मामांनी विचारलं. धाकटा म्हणाला, “टाळ्या झाल्या, सगळ्यांना मेल गेला. पुढे कुणाकडे ते काम सोपवलंच नाही.”

आमचा कट्टा कोपरखैरण्यात, चहाच्या टपरीला लागून. मामांची उभी हयात न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंगच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवण्याच्या, धंद्यात गेली. दादाचं रबाळे एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, ताई जाहिरात कंपनीत. सातारीचे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी होते आणि तो स्वतः आता युनियनचं ऑफिस सांभाळतो. त्यामुळे विषय एकच असला तरी प्रत्येकाला तो आपापल्या धंद्यातून दिसतो.

दादाचं म्हणणं सरळ होतं. सुचणं वेगळं आणि धंद्यात काही बदलणं वेगळं. पहिल्याला क्रिएटिव्हिटी म्हणा, दुसऱ्याला इनोव्हेशन, पण पैसा दुसऱ्यातच आहे. त्याने स्वतःच्या वर्कशॉपमधलं उदाहरण दिलं. ड्रिलिंगला प्लेट लावताना दर वेळी काटकोनाचा गुण्या धरून बघावं लागायचं. पहिल्या पाळीच्या ऑपरेटरने लाकडाचा एक ठोकळा तासला आणि मशीनच्या टेबलावर पाचर मारून बसवला. प्लेट सरकवली की थेट जागेवर. पण दुसऱ्या पाळीचा माणूस तो ठोकळा काढून बाजूला टाकायचा, त्याला वाटायचं कुणीतरी कचरा ठेवलाय. शिवाय मशीन गार ठेवणाऱ्या कूलंटने लाकूड फुगायचं आणि माप हलायचं. शेवटी दादाने तोच ठोकळा लोखंडात करून घेतला, डॉवेल पिना मारून पक्का केला, त्याचं ड्रॉइंग काढून नंबर दिला आणि सेटिंगच्या कागदावर चढवला. “तेव्हा कुठे माझं प्रॉडक्शन वाढलं. तोवर ती एका माणसाची हुशारी होती.”

ताईने लगेच धरलं. “आणि ड्रॉइंगवर नाव कुणाचं आहे?”

दादा म्हणाला, “वर्कशॉपचं.”

“हेच! ज्याला सुचलं तो गायब. रिकाम्या कागदासमोर बसून बघ एकदा, म्हणजे सुचण्याची किंमत कळेल. सुचलंच नाही तर तुम्ही राबवणार काय, डोंबल?” तिने थ्रीएम कंपनीचा दाखला दिला. तिथल्या स्पेन्सर सिल्व्हरला १९६८ मध्ये एक डिंक सापडला, धड न चिकटणारा, अलगद सुटणारा. त्याचं करायचं काय हे कुणाला कळेना. १९७४ मध्ये त्याच कंपनीतल्या आर्ट फ्रायला चर्चमध्ये गाण्याच्या वहीतून खुणेचे चिटोरे सारखे गळताना दिसले आणि त्याला तो डिंक आठवला. पोस्ट-इट, म्हणजे ते चिकटवून अलगद काढता येणारे चिटोरे, अमेरिकेत सगळीकडे विकायला आलं १९८० मध्ये. म्हणजे बारा वर्षं. “त्यात दोन वेळा सुचलंय,” ताई म्हणाली, “आणि दुसऱ्यांदा सुचलं नसतं तर तो डिंक बाटलीतच राहिला असता.”

धाकट्याने कोडॅक या फिल्मच्या कंपनीचं उदाहरण काढलं. १९७५ मध्ये त्यांच्याच स्टीव्ह सॅसनने डिजिटल कॅमेरा बनवला आणि २०१२ मध्ये कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. हे उदाहरण मला आता पुरे वाटतं. फिल्म विकून पोट भरणाऱ्या कंपनीने स्वतःच्या हाताने फिल्म बंद करायची, हा पेच निव्वळ कल्पकतेचा नाही, आणि कोडॅकने पुढे डिजिटल कॅमेरे विकलेही होते.

मामा तोवर गप्प होते. मग त्यांनी कंटेनरचा, म्हणजे जहाजावरून माल नेणाऱ्या पोलादी पेट्यांचा, विषय काढला आणि गप्पांना खरा रंग चढला, कारण हा माणूस त्या पेट्यांबरोबर जगलाय. न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं तेव्हापासूनचं त्यांना तोंडपाठ आहे.

“माल्कम मॅकलीन हा अमेरिकेतला ट्रकवाला,” मामा म्हणाले. “२६ एप्रिल १९५६ ला त्याने एका जुन्या टँकर जहाजाच्या डेकवर ५८ पेट्या चढवल्या आणि न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या. सुटा माल जहाजावर चढवायला तेव्हा टनामागे ५.८३ डॉलर पडायचे. त्याच्या माणसांनी हिशेब केला तर पेटीतून टनाला १६ सेंटसुद्धा पडले नव्हते. पण पेटीची कल्पना काय त्याची होती? रेल्वेवाले कितीतरी आधीपासून पेट्या वापरत होते.”

“मग त्याने केलं काय?” ताई.

“ते कोपऱ्यात बघ.” मामांनी डाव्या हाताची मूठ सैल धरून तिचं भोक केलं आणि उजव्या हाताची बोटं खालून त्यात घातली. पेटीच्या आठही कोपऱ्यांना ओतीव पोलादाचे ठोकळे असतात, प्रत्येकाला लांबट भोक. ट्रेलरच्या खालून वर आलेला खुंट त्या भोकात शिरतो आणि दांडा पाव फेरा फिरवला की अडकतो. मामांनी मनगट फिरवलं; बोटं मुठीत अडकली. तोच कोपरा वर क्रेन पकडते, तोच जहाजावर खालच्या पेटीला जखडतो. हे काम कीथ टँटलिंगर नावाच्या इंजिनिअरचं. आणि मॅकलीनच्या कंपनीने नंतर त्याचं पेटंट सगळ्यांसाठी खुलं केलं, म्हणून आज कुठल्याही कंपनीची पेटी कुठल्याही ट्रेलरवर बसते. ज्याचं त्याचं कुलूप वेगळं राहिलं असतं तर प्रत्येक बंदरात पेट्या अडकून पडल्या असत्या.

मला वाटतं, दादा आणि ताई दोघांचा हिशेब इथे चुकतो. दोघंही धरून चाललेत की आधी सुचतं आणि मग राबवलं जातं. भांडण फक्त मोठं कोण याचं. कंटेनरमध्ये मूळ कल्पना जुनीच होती आणि सगळ्यात कल्पक गोष्ट सुचली ती काम मध्यावर आल्यावर, पेट्या एकमेकींवर रचायच्या कशा हा प्रश्न खरोखर समोर उभा राहिल्यावर. तो खुंट वातानुकूलित खोलीतल्या स्पर्धेत कुणाला सुचला नसता. पेटंट सोडून देणं हीसुद्धा माझ्या मते तितकीच मोठी कल्पकता होती, आणि ती धंद्याची होती. फरक आहेच. कल्पना एका डोक्यात पुरी होऊ शकते. इनोव्हेशन तेव्हा होतं जेव्हा क्रेनवाला, जहाजवाला, रेल्वे, कस्टम, सगळे आपली सवय बदलतात. ती बदलून घेतानाच डोक्याचा सगळ्यात कस लागतो, आणि धाकट्याच्या कंपनीने नेमकी तीच जागा मोकळी सोडली आहे.

“मामा,” सातारी मध्येच म्हणाला, “टनामागे जे साडेपाच-पावणेसहा डॉलर वाचले, ते कुणाच्या मजुरीतले?”

क्षणभर कुणी बोललं नाही. मामा म्हणाले, “गोदीतल्या हमालांच्या. लंडनच्या जुन्या गोद्या बंद पडल्या, मॅनहॅटनचे धक्के ओस पडले. ते खरंच आहे.”

“मग इनोव्हेशन सांगायचंच तर माझंही ऐका.” आणि सातारीने १९६९ चा माथाडी कायदा सांगितला, जो माझ्या मते धंद्याच्या पुस्तकांत शिकवायला हवा. हमाल सकाळी एका गाळ्यावर गोणी उतरवतो, दुपारी दुसऱ्या. त्याचा मालक कोण? कुणीच नाही; म्हणून फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, बोनस नाही. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीतून जो कायदा आला त्याने मालक शोधत बसण्यापेक्षा मध्ये एक बोर्ड बसवलं. व्यापारी आणि कामगार दोघांची तिथे नोंदणी. टोळीने काम केलं की व्यापाऱ्याने मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही, म्हणजे मजुरीशिवायची वर्गणी, बोर्डात भरायची. मजुरी बोर्डाकडून कामगाराला, आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस. बोर्डावर मालक, कामगार आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी.

दादा म्हणाला, “हा कायदा झाला, धंदा नाही.”

“लेव्ही न भरता वाशीत गोणी उतरवून दाखव, मग सांग धंदा आहे का नाही ते!”

मला सातारीचं पटतं. पैसे कुठल्या वाटेने जातात हे बदललं की धंदा बदलतो, मग ती वाट इंजिनिअरने पाडलेली असो की आमदारांनी. आणि कोपरखैरण्यातच माथाडींची घरं आहेत. या कल्पनेवर उभे राहिलेले संसार आमच्या शेजारी आहेत.

एव्हाना टपरीवर दोन डिलिव्हरीवाले आले होते, वेगवेगळ्या कंपन्यांचे टी-शर्ट घातलेले. धाकटा त्यांच्याकडे बघत म्हणाला, “यांचंही तेच की. दिवसाला तीन ॲप, मालक कुणीच नाही.” सातारी म्हणाला, राजस्थानने २०२३ मध्ये असल्या कामगारांसाठी कायदा केलाय, त्यातही कल्याण मंडळ आहे. धाकटा एकदम सरसावून बसला. ॲपमध्ये प्रत्येक ऑर्डरची नोंद आधीच असते. पेमेंट झाल्या झाल्या लेव्ही तिथेच कापता येईल. तीन ॲपची लेव्ही कामगाराच्या एकाच नंबरावर जमा करायची.

ताईने विचारलं, “पोराला स्क्रीनवर दिसणार काय?”

“मजुरीच्या खाली बोर्डाचा आकडा, वेगळ्या ओळीत,” सातारी म्हणाला. “नाहीतर त्याला वाटेल आपलेच पैसे कापले.”

मामांनी विचारलं, “आणि रद्द झालेली ऑर्डर?”

धाकट्याचं म्हणणं, पैसेच आले नाहीत तर लेव्ही कशावर कापणार. मामा म्हणतात, अंतरावर कापा. यावर दोघांचं अजून जमलेलं नाही. मी मामांच्या बाजूचा आहे, कारण ऑर्डर रद्द झाली तरी पोराची गाडी तेवढीच फिरलेली असते.