चुकलं म्हणू नका, ‘तसंच ठेवलंय’ म्हणा

नऊ मिनिटांची भयफिल्म तयार झाली म्हणजे काम संपलं, असं समजू नका. फिल्म दोन रात्रींत होते. खरं काम पुढंच आहे: कॉलेजच्या हॉलमध्ये माईक धरून ‘त्यामागचा विचार’ सांगायचा. शूटिंगच्या वेळी हा विचार कुठंच नव्हता, पण त्यानं बिघडत नाही. भूत तरी तेव्हा कुठं होतं?

नियम एकच. ‘चुकलं’ हा शब्द उच्चारायचा नाही. ‘तसंच ठेवलंय’ म्हणायचं, आणि म्हणताना थोडं वर, पंख्याकडं बघायचं.

आधी चित्र. मोबाईल ऑटोवर ठेवून अंधाऱ्या खोलीत शूट केलं की तो आपल्या परीनं मदत करायला जातो. अंधार दिसला की आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० च्या वर चढवतो आणि भिंतीवर वारूळ फुटल्यासारखे दाणे वळवळायला लागतात. नायकानं टॉर्च लावली की तोच मोबाईल दचकून सगळी खोली काळी करतो. इलाज सोपा आहे. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करायचं, आयएसओ ८०० च्या आत ठेवायचा आणि पात्राच्या मागं, जरा उंचावर, एक छोटा एलईडी लावायचा, म्हणजे खांद्याची कड उजळते आणि माणूस अंधारातून सुटा दिसतो. पण हे सगळं केलं तर माईकवर बोलणार काय? दाणे राहू द्या. ‘हा स्मृतीचा पोत आहे’ असं सांगा.

ट्यूबलाईटखाली पडद्यावर पट्टे चढतायत? आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की पट्टे गायब. १/६० वर राहिलं की ते वर सरकतच राहतात. तुमचं १/६० वर राहिलं होतं. ते पट्टे म्हणजे अतृप्त आत्म्याचा वावर.

रात्रीचा प्रसंग तुम्ही दुपारी दोनला घेतलाय, कारण नायिकेला संध्याकाळची शेवटची एसटी धरायची होती. मग एडिटिंगमध्ये वरून नीळ ओतलीय. दिवसा रात्र करता येते, नाही असं नाही: ऊन कलल्यावर, सूर्य पात्राच्या पाठीमागं घेऊन, आभाळ फ्रेमबाहेर ठेवून, एक्स्पोजर दोन स्टॉप खाली, म्हणजे उजेड चौथाईवर, आणि व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनवर, म्हणजे चित्र आपसूक निळसर. तुमच्या फ्रेममध्ये मात्र अर्धं आभाळ आहे आणि सावली आखूड, पायापाशीच. मागच्या रांगेतले एखादे आबा विचारतीलच, ‘लेकरा, ही बाई भर उन्हात मेणबत्ती घेऊन कशाला फिरायलीय?’ त्यांना नम्रपणे सांगा, ‘आबा, त्या गावात काळ थांबलाय.’

आता भूत. पांढरी साडी, मोकळे केस, पैंजण. यात कल्पकता कुठंय, असं कुणी म्हटलं तर ‘परंपरेशी संवाद’ म्हणा. साडी नवीकोरी नायलॉनची घ्या, म्हणजे एलईडीच्या उजेडात ती पेटल्यासारखी दिसेल, घड्या नाहीत, चेहरा नाही, नुसता पांढरा डाग. जुनं सुती लुगडं चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलं की कॅमेऱ्याला ते मळकं पांढरं नीट झेपतं, पण चहा पिण्यासाठी असतो.

आणि चुकूनही चकव्याच्या वाटेला जाऊ नका. चकव्याला मेकअप लागत नाही, साडी लागत नाही, कलाकारही लागत नाही. माणूस रात्री शेतातून गावाकडं निघतो आणि फिरून फिरून त्याच बाभळीपाशी येतो. कॅमेरा तीनदा त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवायचा. दुसऱ्या फेरीत बाभळीखाली एक चप्पल दिसते. तिसऱ्या फेरीत आपल्याला त्याचा एक पाय अनवाणी दिसतो. खर्च शून्य, आणि बघणाऱ्याची झोप उडते. पण मला सांगा, पोस्टरवर काय छापणार? बाभूळ?

रक्तासाठी कुंकू पाण्यात कालवा. ते पातळ होतं, गुलाबी दिसतं आणि कपाळावरून सरबतासारखं ओघळतं. साखरेचा घट्ट पाक एक वाटी, खाण्याचा लाल रंग दोन चमचे, अर्धा चमचा कोको पावडर आणि निळ्या रंगाचा जेमतेम एक थेंब, एवढ्यानं काम भागलं असतं. दुसऱ्या टेकपर्यंत मुंगळे येतात, ते सोडा. तसाही तुमचा उजेड निळा आहे, आणि निळ्या उजेडात लाल काळंच दिसतं. नायकाच्या अंगावर डांबर सांडलंय असं लोकांना वाटेल. वाटू द्या.

आवाजावर मात्र जास्तीत जास्त दुर्लक्ष करा, कारण भीती ऐनवेळी तिथूनच येते. संवाद मोबाईलच्याच माईकवर, दहा फुटांवरून घ्या. मागून पिठाच्या गिरणीची पुकपुक आणि कुणाच्या तरी हळदीतला डीजे आपोआप मिळतो. शूटिंग संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून खोलीचा नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड करायचा असतो, म्हणजे एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधली भोकं त्यानं बुजवता येतात. तुम्ही त्या मिनिटात सेल्फी काढा. मग एकेका वाक्यानंतर आवाज कापल्यासारखा बंद होईल. त्याला ‘शून्याचा ध्वनी’ म्हणा.

घुबड नेटवरून उतरवून घ्या, चांगलं परदेशी, पाइनच्या जंगलातलं. आपल्या पडक्या भिंतीतला पिंगळा कर्कश चिरकतो, दोघं भांडल्यासारखा. त्यात भारदस्तपणा नाही. हाड मोडल्याचा आवाजही विकतच्या लायब्ररीतून घ्या. वाळलेला ज्वारीचा धांडा ओल्या फडक्यात गुंडाळून माईकपासून वीतभर अंतरावर मोडला तर ऐकणारा आपलंच मनगट धरून बघतो, आणि कडबा तर गोठ्यात पडलेलाच आहे. म्हणून तर तो नको. गोठ्यातल्या वस्तूला कुणी कला म्हणतं का?

दचकवणं दर मिनिटाला एक, असा हिशेब ठेवा. दचकवण्याआधी शांतता लागते, आणि शांततेला वेळ लागतो. तुमच्याकडं नऊच मिनिटं आहेत, त्यातली दीड नामावलीत गेली.

राहिलं लोकेशन. दौलताबादच्या अंधारीचा, म्हणजे किल्ल्यातल्या त्या काळोख्या भुयारी वाटेचा, मोह होईल, पण किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडं आहे, परवानगीचे कागद लागतात. त्यापेक्षा औसा-उमरग्याकडचा कुणाचा तरी जुना माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, वाडा बघा. रात्री तिथं रेकॉर्डिंग चालू राहिलं तर फुटेजमध्ये एक बारीक आवाज सापडेल. सर्रर्र. मग थांबतो. मग परत, थोडा जास्त. छताखालच्या लाकडी किलचनाच्या फटीतून वरची माती खाली पडत असते. तो आवाज येताच घरातली म्हातारी काही न बोलता उठते, झोपलेल्या नातवाला उचलते आणि अंगणात जाऊन बसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात याच भागात दगड-मातीच्या जाड भिंती आणि असलीच जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली होती. पुढं कितीतरी दिवस लोक छताखाली झोपायला धजत नव्हते.

पण तुमच्या पटकथेत म्हातारी नाही. तिला फ्रेमबाहेर बसायला सांगा, शॉट खराब होतो. मातीचा तो आवाज नॉइज रिडक्शन लावून पुसून टाका. तरी थोडा उरलाच, तर वरून व्हायोलिन टाका.