उरुशी उतली तर वाजवत राहू नका

नमस्कार दादा,

तुमचं म्हणणं असं की शाकुहाची या जपानी बांबूच्या बासरीच्या आतला उरुशीचा लेप झाडाच्या चिकाचा, म्हणजे नैसर्गिक; बासरी चार दिवस उन्हात ठेवावी, खाज सोसून वाजवत राहावं, ओठ आपोआप निबर होतात. आणि मी उगाच पोरांना घाबरवतो.

दादा, बिब्बाही झाडाचाच आहे. तो उतला की काय होतं, हे नांदेड-हिंगोलीकडं कुणाला सांगावं लागत नाही. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांची बोटं बघा. उरुशीचं झाड बिब्बा, आंबा आणि काजूच्याच कुळातलं. त्याच्या चिकातलं उरुशिऑल आणि बिब्ब्याचं तेल रसायन म्हणून एकमेकांच्या फार जवळचं. ज्याला बिब्बा उततो, कैरीच्या चिकानं ज्याचे ओठ सुजतात, त्यानं अशी बासरी हनुवटीला लावताना जपायलाच हवं.

ओठ निबर होण्याचा सल्ला तर कृपा करून कुणाला देऊ नका. ही अ‍ॅलर्जी एकदा शरीरानं धरली की सहसा सुटत नाही, पुढं थोडा स्पर्शही पुरतो. पुरळ उठतं तेही एक-दोन दिवसांनी. त्यामुळं पोरं बासरीला सोडून परवाच्या जेवणाला दोष देतात.

लेप पुरता मुरला की त्रास बराच कमी होतो, हे खरं. पण उरुशी उन्हानं वाळत नाही. तिला दमट हवा लागते, साधारण ७० ते ८० टक्के आर्द्रता आणि २० ते ३० अंश तापमान. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत ताजा लेप कच्चाच राहतो. वर उन्हात ठेवलेला बांबू तडकतो, ते वेगळंच.

पुरळ दिसलं की बासरी बाजूला ठेवा, ओठ, हनुवटी, बोटं साबणानं धुवा. तोंडाजवळ स्टेरॉइडचं मलम मनानं लावू नका. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर थेट दवाखाना. घरी पॉलिशपेपरनं लेप खरवडणं सगळ्यात वाईट, ती धूळ डोळ्यांत नाकात जाते.

आपल्या साध्या बासऱ्यांना बहुधा नुसतं तेल असतं, काहींना व्हार्निश. तिथं दोष उरुशीचा नसतो, कधी धातूच्या कड्यातल्या निकेलचाही निघतो. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर ४८ तास पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात, त्यात हे उलगडतं. तुमच्या भजनी मंडळात कुणाला त्रास असेल तर बासरी कशानं रंगवली, कड्या कशाच्या, हे बनवणाऱ्याला विचारून लिहून घ्या आणि तो कागद डॉक्टरांकडं न्या.