परदेशातून : आमच्या गल्लीतलं लिस्बन

गेल्या महिन्यात इथे बर्मिंगहॅममध्ये जुन्या टपाल तिकिटांच्या बाजारात आठ पौंड मोजून एक पिवळा पडलेला कागद घेतला. १९४२ चा रेड क्रॉसचा फॉर्म, इंग्लंडमधल्या कुणीतरी जर्मनीतल्या आपल्या माणसाला धाडलेला. मजकूर टाइप केलेला, जास्तीत जास्त २५ शब्द आणि तेही फक्त घरगुती. वर सेन्सॉरचे शिक्के, जिनिव्हाचा लाल शिक्का. उत्तर त्याच कागदाच्या पाठीवर, पाच महिन्यांनंतरच्या तारखेचं: बरे आहोत, आजी ठीक आहे, तुमची आठवण काढतो. संपलं.

फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला आणि पस्तावलो. पहलगामच्या हल्ल्यानंतर, मे २०२५ च्या सुरुवातीला, भारताने पाकिस्तानातून येणारं सगळ्या प्रकारचं टपाल आणि पार्सल बंद केलं. त्यावरून ग्रुपवर जे जुंपलं होतं, ते या फोटोने पुन्हा उकरून निघालं. एक बाजू म्हणते, हे आधीच व्हायला हवं होतं, शत्रूशी पत्रव्यवहार कसला? दुसरी म्हणते, हल्ली पत्रं लिहितं कोण, हा नुसता देखावा. (सगळ्यात कडक भाषा आम्हा परदेशातल्यांचीच असते. सायरन वाजला की आमच्या खिडकीवर काळा कागद लावावा लागत नाही ना.)

टपाल बंद करण्याचा सरकारचा हक्क मला मान्य आहे. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते त्या फॉर्मवरून सुचलं. हिटलरशी लढणाऱ्या ब्रिटनमध्ये शत्रूच्या मुलखात थेट पत्र टाकायला बंदी होती. पण बंदीच्या भिंतीत सरकारने स्वतःच एक खिडकी ठेवली होती. रेड क्रॉसच्या फॉर्मखेरीज थॉमस कुक या प्रवासी कंपनीलाही परवानगी दिली होती. तुम्ही पत्र उघड्या पाकिटात घालून, दोन शिलिंगांची पोस्टल ऑर्डर जोडून, लंडनच्या बर्कली स्ट्रीटवरच्या त्यांच्या कचेरीत पाठवायचं. पुढे ते तटस्थ देशामार्गे जायचं. आधी अॅमस्टरडॅम होतं. हॉलंड जर्मनीच्या ताब्यात गेल्यावर पोर्तुगालमधलं लिस्बन, पोस्ट बॉक्स ५०६.

त्याचे नियम वाचताना मला हसू आवरेना. मजकूर दोन पानांपेक्षा जास्त नको. खाडाखोड नको. लिस्बन सोडून कुठल्याही गावाचं, बोटीचं, प्रवासाचं नाव नको. आणि पत्र लिहिणारा पोर्तुगालमध्ये नाही, असं कुठेही कळता कामा नये! म्हणजे मँचेस्टरमधल्या धुक्यात बसून आईला पत्र लिहायचं आणि आपण लिस्बनलाच असल्यासारखं लिहायचं. हे खोटं सरकारमान्य होतं.

ब्रिटिशांचे गोडवे गाण्याचा इरादा नाही. याच सरकारने १९४० साली हिटलरच्याच भीतीने पळून आलेल्या ज्यूंना 'शत्रुदेशाचे नागरिक' म्हणून आइल ऑफ मॅनवर डांबलं होतं. आणि हेरगिरीची भीतीही काही हवेतली नव्हती. न्यूयॉर्कमध्ये बाहुल्यांचं दुकान चालवणारी एक बाई बाहुल्यांच्या दुरुस्तीच्या भाषेत अमेरिकी युद्धनौकांच्या बातम्या ब्युनॉस आयर्सला लिहीत होती. पण ती सापडली कशी? एक पत्र सेन्सॉरने पकडलं, आणि काही पत्रं पत्ता चुकीचा म्हणून परत आली ती, ज्या गिऱ्हाइकांची नावं तिने पाठवणारे म्हणून घातली होती, त्यांच्याच दारात. खिडकी असली की तिच्यासमोर पहारा बसवता येतो.

मुख्य गोष्ट मात्र आमच्या गल्लीतली. शेजारच्या भाभी रत्नागिरीकडच्या, कोकणी मुसलमान. तिकडच्या कितीतरी घरांचे नातेवाईक कराचीत आहेत, तशी त्यांची फुफी, म्हणजे आत्या. भाभींचे सासरे साठच्या दशकात बर्मिंगहॅमला आले. १९७१ च्या युद्धानंतर भारत-पाकिस्तान टपाल बंदच होतं. १९७२ च्या सिमला करारात ते सुरू करायचं ठरलं, तरी प्रत्यक्ष करार व्हायला १९७४ उजाडलं. त्या काळात रत्नागिरीची पत्रं या घरी यायची. सासरे पाकीट फोडायचे, आतलं पत्र नव्या पाकिटात घालायचे, वर राणीचं तिकीट चिकटवायचे आणि कराचीला टाकायचे. उलटही तसंच. भाभींकडे त्यातली काही रिकामी पाकिटं अजून बिस्किटांच्या डब्यात आहेत, कारण सासऱ्यांना पाकीट टाकवत नसे.

म्हणजे आमच्या गल्लीतही एक लिस्बन होतं. फरक एवढाच की त्याला कुणाची परवानगी नव्हती.

आणि हा फरक छोटा नाही. आता पत्रांची गरज नाही, फोन आहे, हे ग्रुपवरचं म्हणणं खरं. पण मे २०२५ मध्ये भाभींच्या गावातल्या भावाने फुफीच्या घरचे नंबर मोबाइलमधून पुसून टाकले. कुणी सांगितलं नव्हतं. पाकिस्तानी हस्तकांशी संपर्क ठेवल्याच्या आरोपावरून त्या दिवसांत अटका झाल्याच्या बातम्या येत होत्या, तेवढं पुरेसं होतं. तेव्हापासून तो बहिणीला म्हणतो, "तू विचार आणि मला सांग." तंत्र असं की एका सेकंदात निरोप पोचेल, आणि तरी निरोप पुन्हा बर्मिंगहॅमला वळसा घालून जातोय.

१९४२ चा तो फॉर्म भरणाऱ्याला मात्र कागदावर सरकारचा शिक्का मिळत होता. पत्र वाचलं जायचं, शब्द मोजले जायचे, सगळं खरं. पण उद्या पोलीस दारात आला तर त्याला सांगता यायचं की मी लिहिलं, तुमच्याच खिडकीतून लिहिलं. परवानगीचा कागद सरकारच्या हातात लगाम देतो तसंच सामान्य माणसाच्या डोक्यावरचा संशयही उचलतो. आमच्या वादात हा दुसरा भाग कुणी बोलतच नाही. एक बाजू दार लावा म्हणते, दुसरी दार उघडं टाका. फॉर्म मागायला कुणी तयार नाही.

आणि फॉर्म काही नवा शोधायचा नाही. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं २५ वं कलम हेच सांगतं : युद्ध चालू असतानाही प्रत्येकाला आपल्या कुटुंबाला निव्वळ खासगी खुशाली कळवता आली पाहिजे. सरकारला आवर घालायचाच असेल तर छापील फॉर्म, २५ शब्द आणि महिन्याला एक, इथपर्यंत तो घालता येतो. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही हा करार मान्य केलेला आहे. आपल्या संसदेने तर त्यासाठी १९६० साली कायदाही केला.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं, तर एका वर्गमित्राने विचारलं, "२५ शब्दांत काय डोंबल लिहिणार?" मराठीत तसं बरंच बसतं. प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे इंग्रजीला जिथे चार शब्द लागतात तिथे आपलं 'आत्याच्या अंगणातल्या' दोनात भागतं.

रविवारी भाभींना तो कागद दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि बिलाच्या पाठीवर लिहायला घेतलं : फुफी, सगळे ठीक आहोत. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? धाकट्याचं लग्न ठरलं. काळजी करू नका. बोटाने मोजलं. चौदा झाले.

"अजून अकरा आहेत," मी म्हटलं.

"थांबा भाऊ," त्या म्हणाल्या. मग 'काळजी करू नका' खोडलं आणि म्हणाल्या, "आता चौदा आहेत. लग्नाला कोण कोण येणार ते लिहिते."